सोळा रोपं की चौदा?

फळी १६ फुटांची आहे. तिची चौकट करून शाळेच्या आवारात वाफा करायचाय. लांबी-रुंदी किती ठेवायची? पाचवी-सहावीच्या मुलांना एवढंच विचारावं आणि हातात तेवढीच सुतळी द्यावी. ७ बाय १ केला तर ७ चौरस फूट जागा मिळते, ६ बाय २ ला १२, ५ बाय ३ ला १५ आणि ४ बाय ४ ला १६. परिमिती तीच, क्षेत्रफळ मात्र दुपटीहून जास्त. पुस्तकातलं गणित इथे संपतं: चौरस करा. पण वाफा भिंतीला लागून असेल, तर चार फुटांवरचं तण उपटायला दहा वर्षांच्या पोराचा हात पोचत नाही. तिथे ६ बाय २ च बरा.

मातीचा हिशोब सोपा. चौरस वाफ्याची फळी ९ इंच उंच असेल, तर १२ घनफूट म्हणजे साधारण ३४० लिटर माती. घमेल्यात किती मावतं ते बाटलीने पाणी ओतून मोजायला लावा. १२ लिटर भरलं तर २८-२९ घमेली लागतील. सांगली-मिरजेची काळी माती नुसतीच भरू नका. भिजली की ती फुगते, वाळली की भेगाळते. शेणखत आणि वाळू मिसळावी लागते, आणि इथे मुलं बुचकळ्यात पडतात: एक घमेलं शेणखत आणि एक घमेलं वाळू एकत्र केली की दोन घमेली भरत नाहीत. वाळूचे कण खताच्या फटींत शिरतात.

मग सावली. सांगली विषुववृत्ताच्या उत्तरेला १७ अंशांच्या जरा आत. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. एक मीटर काठीची सावली उत्तरेकडे ८५ सेंटिमीटर पडते. जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, पण तेव्हा दक्षिणेकडे पडणारी सावली जेमतेम १२ सेंटिमीटर. म्हणून घेवड्याचा मांडव उत्तरेच्या कडेला. नकाशा काढण्याआधी मुलांनी काठी रोवून हे स्वतः मोजावं.

आता रोपं, आणि चित्रकलेच्या बाईंना इथेच बोलवावं. रांगोळीचे ठिपके दोन तऱ्हांनी देतात: एकाखाली एक, नाहीतर वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. ‘११ ते ६ ठिपके’ म्हणजे दुसरी तऱ्हा. मधली ओळ ११ ची, वर-खाली एकेक कमी होत ६ पर्यंत. षटकोन तयार होतो, ठिपके ९१. हळदीच्या गादीवाफ्यावर शेतकरी झिगझॅग लागण करतात ती याच जातीची. या मांडणीत प्रत्येक रोपाला सारख्या अंतरावर सहा शेजारी मिळतात. रोपांत ३० सेंटिमीटर हवेत, तर ओळींमध्ये २६ पुरतात. मोठ्या रानात तेवढ्याच जागेत साधारण १५ टक्के रोपं जास्त बसतात.

वाफ्यात काय होतं? बाजू १२० सेंटिमीटर धरू. झेंडूच्या रोपांत ३० आणि फळीपासून १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एकाखाली एक लावून ४ गुणिले ४, म्हणजे १६ रोपं बसतात. झिगझॅगमध्ये ओळी ४, ३, ४, ३ अशा पडतात. एकूण १४! फायद्याऐवजी दोन रोपांचं नुकसान. वाचलेली जागा पाचव्या ओळीला पुरत नाही आणि आडव्या सरकलेल्या ओळी टोकाला अर्धं-अर्धं अंतर वाया घालवतात.

मुळ्याचं उलटं. १० सेंटिमीटर अंतर, कडेला ५. एकाखाली एक १४४ मुळे. झिगझॅगमध्ये ओळी १३ बसतात, आळीपाळीने १२ आणि ११ च्या, म्हणजे १५०. रोप लहान झालं की कडेचं नुकसान किरकोळ ठरतं. सूत्र न सांगता बाटल्यांची बुचं पुठ्ठ्याच्या चौकटीत मांडून मुलांना हे शोधू द्यावं. आधी सांगून टाकलं तर सगळी गंमत जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगांच्या बाबतीत बाईंचं ऐकावं. केशरी आणि पिवळा झेंडू एकाआड एक लावला तर चौकोनी मांडणीत बुद्धिबळाचा पट दिसतो. झिगझॅगमध्ये दोन रंगांत ते जमत नाही, कारण तिथे तीन-तीन रोपं एकमेकांची शेजारी असतात. शेजाऱ्यांचे रंग वेगळे ठेवायचे तर तिसरा रंग लागतोच. तो पांढऱ्या शेवंतीचा घ्या. कागदावर रंगवताना हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि वर्गात भांडण जुंपतं. १६ झेंडू की तीन रंगांची १४ रोपं? ज्यांना १४ हवी असतात, ते लगेच दाखवतात की तीनच्या ओळींच्या टोकांना मोकळी जागा उरलीय, तिथे कोथिंबीर पेरता येईल.