रेक्टमचा कॅन्सर आणि ऑपरेशनची घाई

रेक्टमच्या कॅन्सरचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ऑपरेशन कधी? त्यावर डॉक्टर म्हणाले की आधी रेडिएशन आणि केमो, मग काही आठवडे थांबू, की सगळ्यांचा धीर सुटतो, तोवर गाठ वाढली तर काय करायचं! शंका रास्त आहे, पण हा क्रम उगाच आलेला नाही.

रेक्टम म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण 15 सेंटीमीटरचा भाग, कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळीत अडकलेला. गाठ आतड्याची भिंत ओलांडून बाहेर आली किंवा जवळच्या लिम्फ नोड्समध्ये (छोट्या रसग्रंथींमध्ये) शिरली, पण लिव्हर-फुप्फुसात पोचली नाही, तर तो लोकली ॲडव्हान्स्ड, म्हणजे जागेवरच पुढे गेलेला कॅन्सर, आणि वरचा क्रम मुख्यतः अशांसाठीच. पूर्वी ऑपरेशननंतर तिथेच पुन्हा गाठ यायची, कारण भोवतीच्या चरबीत पेशी मागे राहायच्या. इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये ते चरबीचं आवरण न फाडता अख्खं काढण्यावर भर दिला आणि चित्र बदललं.

मग रेडिएशन आधी द्यायचं की नंतर? जर्मनीत 800 हून जास्त पेशंटवर अभ्यास झाला, 2004 मध्ये छापून आला. रेडिएशन-केमो आधी घेतलेल्यांत 5 वर्षांत जागेवरच कॅन्सर परतला 6 टक्के लोकांत, नंतर घेतलेल्यांत 13 टक्के, त्रासही आधीवाल्यांना कमी. कारण सरळ आहे, ऑपरेशननंतर छोटं आतडं त्या रिकाम्या जागेत उतरतं आणि किरणं त्यालाच लागतात. शिवाय रेडिएशन लागलेल्या पेशी लगेच मरत नाहीत, विभाजन करायला जातात तेव्हा मरतात, म्हणून थांबायचे आठवडे वाया जात नाहीत, गाठ तेव्हाच आक्रसत असते आणि काहींची पोटावरची शौचाची कायमची पिशवी टळू शकते.

पण त्या जर्मन अभ्यासात 5 वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, 76 आणि 74 टक्के, कारण खरा घात दूर पसरलेल्या पेशी करतात. म्हणून आता केमोचा पूर्ण कोर्सही बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच देतात. युरोपातल्या रॅपिडो अभ्यासात 5 दिवसांचं रेडिएशन आणि मग केमो दिली तर 28 टक्के पेशंटच्या काढलेल्या आतड्यात कॅन्सर सापडलाच नाही, जुन्या, रेडिएशन-केमो एकत्र देऊन मग ऑपरेशन करायच्या पद्धतीत 14 टक्के. मात्र 5 वर्षांनी जागेवर परतण्याचं प्रमाण नव्या पद्धतीतच जास्त निघालं, तेव्हा सरसकट सगळ्यांना एकच माप लावणं मला तरी पटत नाही.

गाठ पूर्ण गेली तर ऑपरेशन करायचंच कशाला? ब्राझीलच्या सर्जन अँजेलिता हाबर-गामा यांनी हे विचारलं तेव्हा बरेच सर्जन चिडले होते, आज निवडक पेशंटना ही सवलत मिळते. पण सवलत म्हणजे सुट्टी नाही, साधारण चौघांपैकी एकात गाठ परत डोकावते, बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत आणि आतड्याच्या भिंतीतच, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय हे चुकवायचं नाही.