सबवूफरची मांडणी
घरात संगीत ऐकण्याच्या खोलीत खर्जाचे स्वर प्रत्येक बैठकीवर शक्य तितके सारखे ऐकू यावेत, यासाठी एका किंवा अनेक सबवूफरच्या (फक्त खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) जागा ठरवण्याची ही पद्धत आहे. खर्ज कुठे घुमतो आणि कुठे हरवतो याचा दोष सहसा यंत्राला दिला जातो; तो बहुतेक वेळा खोलीचा असतो.

समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या निम्मे भरले, की त्यांच्यामध्ये स्थिर तरंग उभा राहतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरल्यास ५ मीटर लांब, ४.२ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत असे पहिले अनुनाद, म्हणजे खोली ज्यांना घुमून साथ देते ते स्वर, ३४, ४१ आणि ५७ हर्ट्झच्या आसपास येतात. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वरही ४१ हर्ट्झचाच. सबवूफर कोपऱ्यात असेल, तर हा स्वर बाजूच्या भिंतीला टेकून बसलेल्याला दणदणीत ऐकू येतो आणि रुंदीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे हौसेने मांडलेल्या मुख्य खुर्चीत, जवळजवळ नाहीसा होतो.

कोपऱ्यातून आवाज सर्वाधिक मिळतो, पण सगळे अनुनादही तिथूनच जागे होतात. एकच सबवूफर असल्यास तो तात्पुरता ऐकण्याच्या जागी ठेवून, भिंतीकडेने रांगत, खर्ज सर्वांत एकसारखा कुठे लागतो ते शोधतात. ध्वनिस्रोत आणि श्रोता यांच्या जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहत असल्यामुळे ही युक्ती चालते. मात्र ती एकाच खुर्चीपुरती.

ध्वनियंत्रे बनवणाऱ्या हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आयताकृती खोलीत चार भिंतींच्या मध्यांवर चार सबवूफर ठेवल्यास बैठकींमधील फरक फार कमी होतो, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवरील दोनही त्याच्या बरेच जवळ जातात. वरील खोलीत पुढच्या व मागच्या भिंतीच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवून त्यांना एकच संकेत दिला, तर लांबीचा ३४ हर्ट्झचा अनुनाद दोघे परस्परविरुद्ध ढकलून मोडतात. रुंदीचा ४१ हर्ट्झचा अनुनाद मात्र, दोघेही त्याच्या दाबाच्या निस्पंदावर (जिथे दाब जवळजवळ बदलतच नाही तिथे) असल्याने, जागाच होत नाही. लांबीचा दुसरा, ६९ हर्ट्झच्या जवळचा अनुनाद तरीही शिल्लक राहतो. खोली एका बाजूने स्वयंपाकघराला खुली असेल, तर हे गणित ढळते आणि मोजमापाशिवाय गत्यंतर नसते.

इक्वलायझरचे, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचे, काम मांडणीनंतरचे: उंचवटे त्याने कापता येतात, पण निस्पंदाचा खड्डा भरायला गेल्यास ॲम्प्लिफायरची शक्ती तेवढी खर्ची पडते.