कॉम्प्रेसर इतका का तापतो?

वाळूत शिरण्याआधी ऑफ-रोड गाडीच्या टायरांतली हवा ३५ पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं एकक) १८च्या आसपास उतरवतात. टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि गाडी सहजासहजी रुतत नाही. पण पुन्हा डांबरी रस्त्याला लागायचं, तर हवा भरावी लागते. म्हणून कॉम्प्रेसर गाडीतच पक्का बसवायचा.

बसवताना लोकांचं पहिलं लक्ष दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीकडे जातं. जरा हिशेब करू. मोठ्या टायरमध्ये ६० लिटर जागा धरली, तर दाब १७ पीएसआयने वाढवायला बाहेरची सुमारे ७० लिटर हवा आत ढकलावी लागते. चार टायरांना २८०. दहा लिटरच्या टाकीत १४५ पीएसआय दाब असला, तरी तो ३५वर येईपर्यंत तिच्यातून मिळते जेमतेम ७५ लिटर हवा. एक टायर झाला, संपली! टाकी कामाला येते ती एअर लॉकरला (एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या लॉकला) झटकन हवा द्यायला, नाहीतर रिमवरून सुटलेला टायर परत बसवायला. बाकी सगळं कॉम्प्रेसरच्या गळ्यात.

आणि त्याला छळते ती उष्णता. वायू झपाट्याने दाबला की पिस्टनने केलेलं काम रेणूंच्या गतीत उतरतं. ३० अंश सेल्सिअसच्या हवेचा दाब सातपट केला आणि उष्णता जराही बाहेर जाऊ दिली नाही, तर ती हवा २५० अंशांच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात बरीच उष्णता सिलिंडर शोषून घेतो, आणि मग तोच तापतो. ड्युटी सायकल, म्हणजे एकूण वेळेपैकी कॉम्प्रेसर चालवता येतो तो वाटा, ३३ टक्के असेल, तर दहा मिनिटं चालवून वीस मिनिटं थांबायचं. हा आकडा किती दाबाला दिलाय तेही बघा; कमी दाबावर तो कुणाचाही छान दिसतो.

कॉम्प्रेसर बॉनेटखाली बसवला तर बॅटरी जवळ पडते, पण इंजिनची धगही तिथेच. शिवाय गरम हवा विरळ, त्यामुळे पिस्टनच्या प्रत्येक फेरीत कमी हवा आत येते. जागा असेल तर मी सीटखालचा कोपरा निवडेन, आवाज सोसून. कॉम्प्रेसरमधून तापलेली हवा नेणारी पहिली नळी मात्र साधी रबरी नको. आत टेफ्लॉन आणि वर स्टीलची जाळी असलेली घ्या.

तारेतही हेच दुखणं. बॅटरीपासून पाच मीटरवर ३० अँपिअर न्यायचे, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन दोन व्होल्ट गळतात, म्हणजे साठेक वॅट नुसतं तार तापवण्यात. दहा चौरस मिलिमीटरला ते अर्ध्या व्होल्टवर येतं. फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

टाकीत हवा निवली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. ते सोडायला सगळ्यात खाली ड्रेन व्हॉल्व्ह लागतो. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, दाबानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच कितीही चांगला असो. आणि कुणी हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर आपणहून सुरू होत असेल, तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहा.