मागचा दिवा, पुढची बॅटरी आणि मधला रिले

गुऱ्हाळावर रात्री गुळाचे रवे भरायला पिकअप मागे लावायची, तर कंपनीच्या रिव्हर्स लाइटचा उजेड जेमतेम चिखलाची एक पट्टी दाखवतो. हौदा भरलेला असला की केबिनमधल्या आरशाचाही उपयोग नाही. म्हणून बरेच पिकअपवाले मागे दोन जादा दिवे लावून घेतात, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती जोडणीत. ‘एलईडीला करंट लागतोय किती? रिव्हर्सच्या वायरला थेट जोडून टाक’ हा सल्ला कोल्हापुरात सर्रास दिला जातो. तो का मानू नये, ते आकड्यांतच बघू.

पिकअपची यंत्रणा १२ व्होल्टची. कंपनीचा रिव्हर्स बल्ब बहुधा २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर. दोन बल्ब असले तर साडेतीन. गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच आणि त्याची बारीक वायर एवढ्याच हिशेबाने दिलेली असते. त्यावर ५५ वॅटचे दोन हॅलोजन चढवले की आणखी नऊ अँपिअर वाढतात. करंट साडेतीन पटीच्या वर जातो, आणि वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने ती तेरा पट होते. शिवाय हॅलोजनची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्सा असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी करंटचा मोठा धक्का बसतो आणि स्विचमधले पॉइंट जळत जातात. १८ वॅटचे दोन एलईडी तीनच अँपिअर घेतात, पण तेवढ्यानेही स्विचवरचा भार जवळपास दुप्पट होतो.

उजेडही वाटेत सांडतो. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला ०.०१७ ओहम असतो. ०.७५ ची सहा मीटर वायर धरली तर ०.१४ ओहम, साडेबारा अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरीतच गेले. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळपास साडेतिसऱ्या घाताने बदलतो, म्हणून एवढ्याशा घटीने चाळीस टक्के उजेड गायब होतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे हा तर सगळ्यात धोक्याचा उपाय. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, तो वायर पेटू नये म्हणून असतो.

यावरचा उपाय म्हणजे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा चुंबकी स्विच. रिव्हर्सच्या वायरीने फक्त निरोप द्यायचा, दिव्यांचा करंट थेट बॅटरीतून जाड वायरीने न्यायचा. ही युक्ती जोसेफ हेन्रीने १८३५ मध्ये करून दाखवली आणि ती अजून तशीच चालते. जुना रिले उघडून बघण्यासारखा असतो. आत बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, मधे लोखंडी गाभा, वर स्प्रिंगने उचलून धरलेली पत्ती आणि तिच्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा ठिपका. वेटोळ्याचा रोध ८० ओहमच्या आसपास, म्हणजे त्याला ०.१५ अँपिअर पुरतो. एवढ्याशा करंटने ओढलेली पत्ती ३० अँपिअर वाहणारा रस्ता जोडते.

गाभा नरम लोखंडाचाच का? कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर काम करणाऱ्यांना अनुभवाने माहीत असते की कडक पोलाद एकदा चुंबकले की चुंबकत्व धरून ठेवते. तसला गाभा असता तर गिअर काढल्यावरही पत्ती चिकटून राहिली असती आणि मागचे दिवे हायवेवर जळत राहिले असते. दुसरी गंमत ओढीची. पत्ती आणि गाभा यांतली फट निम्मी झाली की ओढ सुमारे चौपट होते. म्हणून पत्ती हळूहळू सरकत नाही, एकदम आपटते. तोच ‘टक्’ आवाज. एकदा फट बुजली की पत्ती धरून ठेवायला फार कमी ताकद पुरते. १२ व्होल्टचा रिले सात-आठ व्होल्टला ओढला जातो, पण सुटतो बऱ्याच खाली, दोन-तीन व्होल्टला. मधल्या या अंतरामुळे बॅटरीचा व्होल्टेज थोडा वरखाली झाला तरी दिवे फडफडत नाहीत.

एक खोडी मात्र आहे. वेटोळ्यात करंट चालू असताना चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. स्विच उघडला की करंट क्षणात तुटतो, ती ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते आणि वेटोळ्याच्या टोकांवर शेकडो व्होल्टचा उलटा झटका उमटतो. तो रिव्हर्स स्विचच्या पॉइंटवर ठिणगी पाडतो. म्हणून वेटोळ्याला समांतर रोधक किंवा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घ्यावा. रिलेच्या प्रत्येक पायाला आकडा असतो; ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके, ३० आणि ८७ ही दिव्यांच्या करंटची. डायोडवाल्यात ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ असेच जोडायचे. उलटे झाले तर डायोडमधून शॉर्ट होऊन रिव्हर्सचा फ्यूज उडतो. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते, ती बघूनच जोडा.

आता जोडणी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्हपासून १५-२० सेंमीच्या आत फ्यूज होल्डर बसवा. एलईडीच्या जोडीला ५ अँपिअर, ५५ वॅटच्या हॅलोजन जोडीला १५ अँपिअरचा फ्यूज. तिथून २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० ला, आणि ८७ मधून तीच वायर मागच्या दिव्यांना. ८६ ला रिव्हर्सचा निरोप, ८५ चॅसीला. पाच पायांच्या रिलेतला मधला ८७ए मोकळा सोडा आणि टेपने झाका. रिव्हर्सची वायर टेस्ट लॅम्पने ओळखता येते: इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन, गिअर टाकल्यावरच दिवा लागला पाहिजे. नव्या गाड्यांत हे दिवे कधी कधी कंट्रोल युनिटमधून चालतात. तिथे कंपनीचा वायरिंग नकाशा बघितल्याशिवाय वायर सोलू नका.

चिमटा-क्लिपने केलेले जोड टाळा. क्लिप तांब्याचे धागे कापते, तिथून पाणी आत शिरते आणि कोटिंगच्या आत वर चढत जाते. गगनबावड्याकडचे दोन पावसाळे काढले की वायर आतून काळी पडते. जोड क्रिंप करून (धातूची टोपी पकडीने दाबून) वर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा. रिले पाय खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. अर्थिंगला रंग खरवडून स्वच्छ लोखंडावर थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), दातेरी वायसर आणि वरून ग्रीस. ‘टक्’ आवाज येतो पण दिवा लागत नाही, असे झाले तर आधी फ्यूज आणि लगेच अर्थिंग तपासा.

दिवे फाळका पडल्यावर आपटणार नाहीत अशा जागी हवेत. ८० सेंमी उंचीवरचा दिवा ४ मीटरवर जमिनीला टेकवायचा, तर सुमारे ११ अंश खाली झुकवावा लागतो. झोत पसरट घ्या. लांब मारणारा झोत पावसात थेंबांवरच चमकतो आणि मागच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपवतो. रिव्हर्सचा उजेड पांढराच हवा आणि गिअर टाकल्यावरच लागायला हवा. डॅशबोर्डवर वेगळा स्विच देऊन रस्त्यावर पेटवत फिरू नये. बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या.

दर शनिवारी बंपरची लिंबू-मिरची बदलली जाते, पण हौद्याच्या मागे उभे असलेले पोर दिसायला उजेडच लागतो. खोक्यावरच्या ‘३०० वॅट’ला तर अजिबात भुलू नका. १२ व्होल्टवर ३०० वॅटला २५ अँपिअर लागतात, तळहाताएवढ्या दिव्याची बारीक वायर ते वाहू शकत नाही. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर मालिकेत लावून मोजा. दीड अँपिअर निघाला तर दिवा १८ वॅटचा. दिव्यावर धूळ-पाण्यापासून बचावाचा ‘आयपी’ आकडा असतो. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही, त्याला आयपी ६९के लागते.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, दिवे जळत असताना व्होल्टच्या घटीची दोन मोजमापे घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत, निगेटिव्हपासून निगेटिव्हपर्यंत ०.२ च्या आत. पहिले जास्त आले तर फ्यूज होल्डर किंवा क्रिंप ढिले आहे; दुसरे जास्त आले तर अर्थिंगखाली रंग राहिला आहे, तो पुन्हा खरवडा.