पट्टी तर दिसत होती!

धुवारी, म्हणजे दाट धुकं, पडली की आमच्या काकांचा जीव तुरीत अडकतो. तूर फुलोऱ्यावर असते, आणि दोन-तीन दिवस लागोपाठ धुवारी राहिली तर फुलं गळतात, हा त्यांचा अनुभव. आमचं गाव उमरेडच्या अंगाला. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर वायव्येकडे तोंड करून उतरणारी विमानं याच बाजूने येतात. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे होतो. वीस पावलांवरची बाभळ दिसेना, आणि डोक्यावरून घरघर गेली. काका म्हणाले, "आपल्याले पाय कुठं ठेवाव थे दिसत नाही, अन् त्याले पट्टी दिसते कशी गा?"

दिसत नाही, काका. अगदी शेवटपर्यंत दिसत नाही.

आधी धुवारीचंच बघू. ओलित केलेला हरभरा-गहू, निरभ्र रात्र, जवळपास पडलेला वारा. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत थंड होते आणि तिला लागून असलेल्या हवेतल्या वाफेचे थेंब बनतात. वारा अगदीच नसेल तर नुसतं दव पडतं. थोडी झुळूक असली तर थंडावा वर पसरतो आणि धुकं होतं. यात पाणी किती असतं? चहाचा एक चमचा. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत एवढं पाणी 10 मायक्रॉन (मिलीमीटरचा शंभरावा भाग) व्यासाच्या थेंबांत विखुरलं, तर तसल्या हवेत 100 मीटरपलीकडचं काही दिसत नाही. तेच चमचाभर पाणी पावसाच्या एक मिलीमीटरच्या थेंबांत असतं, तर 10 किलोमीटरवरचं दिसलं असतं. पाणी तेवढंच, पण थेंब शंभरपट बारीक झाले की प्रकाश अडवणारं त्यांचं एकूण क्षेत्रफळ शंभरपट होतं. मुसळधार पावसात मोटरसायकल चालवता येते आणि धुवारीत थांबावं लागतं, ते यामुळे. हेडलाइटचा अप्पर लावला तर आणखीच वाईट: आपलाच उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो. दाट धुक्यात वैमानिकही याच कारणाने लँडिंग लाइट बंद ठेवणं पसंत करतात.

मग विमान येतं कसं? रेडिओच्या आधारे. या यंत्रणेला आयएलएस म्हणतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे एक अँटेना असतो, त्याचं नाव लोकलायझर. त्याच्या लहरींवर दोन सूर चढवलेले असतात, 90 आणि 150 हर्ट्झचे. येणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूला 90 चा सूर जोरात, उजव्या बाजूला 150 चा, आणि दोन्ही सारखे भरले की विमान बरोबर मधल्या रेषेवर. पट्टीच्या कडेला असलेला ग्लाइड स्लोप हीच युक्ती उंचीसाठी करतो: वर 90, खाली 150, मध्ये साधारण तीन अंशांचा उतार. वखराच्या बैलांना डावीकडून-उजवीकडून कासरा लावून सरळ तासात ठेवावं, तसलाच हा प्रकार.

पण हा कासरा सर्वसाधारण पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर जमिनीपासून 200 फुटांपर्यंतच, म्हणजे 60 मीटरपर्यंत, भरवशाचा धरतात. या उंचीला डिसिजन हाइट म्हणतात. तिथे वैमानिकाने नजर वर करायची आणि दिवे दिसले तरच खाली जायचं. पट्टीवरची दृश्यता, म्हणजे आरव्हीआर, साधारणपणे किमान 550 मीटर हवी.

आता गंमत बघा. त्या क्षणी पट्टीचं टोक अजून सुमारे 870 मीटर पुढे असतं. दृश्यता 550 असेल तर पट्टी दिसणारच नाही! दिसते ती पट्टीच्या आधी मांडलेल्या दिव्यांची रांग. ती 900 मीटर लांब का असते, हे इथे कळतं. त्यातही विमानाच्या नाकाखालचे दीड-दोनशे मीटर झाकलेलेच. उरलेल्या तुकड्यावरून आपण सरळ आहोत का, हे ओळखायचं. वेग सेकंदाला 70 मीटरच्या आसपास, आणि चाकं टेकायला उरलेली असतात साधारण सोळा सेकंद.

मी स्वतः यातून एकदा गेलोय, प्रवासी म्हणून. मुंबईहून सकाळी येत होतो. खिडकीतून खाली पाण्याची टाकी, रस्ता, पट्टीसुद्धा चक्क दिसली. धुकं म्हणजे दुधावरची पातळ साय. मग सगळं पांढरं झालं, आणि एकाएकी इंजिनं गरजली, विमान नाक वर करून निघालं. मागच्या सीटवरचे गृहस्थ चिडले, "अरे, पट्टी तर दिसत होती!" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं.

ती दिसत होती, कारण आम्ही वरून बघत होतो. धुक्याचा थर 60 मीटर जाड असेल तर सरळ खाली बघताना नजरेला 60 मीटरच धुकं भेदावं लागतं. तीन अंशांच्या उतारावरून पुढे बघणाऱ्या वैमानिकाला त्याच थरातून अकराशे मीटरहून जास्त बघावं लागतं. थर तोच, पण एकोणीसपट. वरून स्वच्छ दिसलेली पट्टी खाली शिरताच गडप होते, आणि म्हणून निर्णय आधीच्या दर्शनावर नाही, 200 फुटांवरच्या दर्शनावर. आरव्हीआर आधीच कमी असेल तर 1000 फुटांखाली यायचीही परवानगी नाही.

दिल्लीसारख्या ठिकाणी तिसऱ्या श्रेणीची यंत्रणा असते. तिथे रेडिओ अल्टिमीटर जमिनीवरून उलटलेल्या लहरींनी उंची मोजतो आणि ऑटोपायलटच चाकं टेकवतो. ही कल्पना जुनी आहे: 10 जून 1965 रोजी पॅरिसहून लंडनला आलेलं ट्रायडेंट विमान प्रवाशांसह असं टेकलं होतं. मात्र विमानतळ, विमान आणि वैमानिक, तिघंही त्यासाठी पात्र लागतात. एक जरी कमी पडला तर पुन्हा घिरट्या.

आमच्या विमानानेही अर्धा-पाऊण तास घिरट्या घातल्या. ऊन वर आलं, जमीन तापली, थर खालून विरळ होत गेला, आणि मग आम्ही उतरलो.

हे सगळं काकांना धुऱ्यावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तुरीच्या एका फांदीवरचं पाणी झटकलं आणि म्हणाले, "मंग दहा वाजताच या म्हणा त्याले. मी बी फवारा दहानंतरच काढतो."