जगबुडीचा मारधाडपट मुंबईच्या घरात कसा आला

१९८६ ची २६ जानेवारी. चाळीत सार्वजनिक सत्यनारायण, आणि रात्री मधल्या चौकात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर. आधी एक मराठी कौटुंबिक, मग बच्चनचा, आणि बायका-पोरं झोपल्यावर इंग्रजी हाणामारीचा, असा ठरलेला क्रम. पोरं अर्थातच झोपली नव्हती, पण मोठ्यांनी हाकलून दिलं. व्हीसीआर मात्र चोवीस तासांच्या भाड्याने आलेला. दुसऱ्या दिवशी तो परत जायच्या आधी दादाने आमच्या खोलीत आणून जोडला आणि मी 'मॅड मॅक्स' या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचा दुसरा भाग पाहिला. वाळवंट, मोडक्या गाड्या, चामडी पोशाखातले गुंड आणि एका तेलाच्या ठाण्यासाठी चाललेली कापाकापी. आई बाजूला गवार मोडत बसली होती. म्हणाली, "पेट्रोलसाठीच ना? आमची रॉकेलची रांग पाहिली नाहीत तुम्ही."

आई विनोद करत नव्हती. या चित्रपटांचं मूळ अशाच एका रांगेत आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, भाव काही महिन्यांत चौपटीच्या आसपास गेले आणि त्या दशकात जगभर इंधनाची धास्ती बसली. ऑस्ट्रेलियात तेल कामगारांच्या संपांमुळे पंप कोरडे पडले तेव्हा रांगेत मध्येच घुसणाऱ्याच्या अंगावर लोक धावून गेले. हे जेम्स मॅककॉसलंड या पत्रकाराने पाहिलं होतं आणि १९७९ च्या पहिल्या 'मॅड मॅक्स'ची पटकथा लिहिताना ते त्याच्या डोक्यात होतं. दिग्दर्शक जॉर्ज मिलर मुळात डॉक्टर. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात अपघाताचे जखमी त्याने हाताळलेले, म्हणून त्याच्या पडद्यावर गाडी आपटली की आपल्याला दुखतं. आपल्याकडे त्याच दशकात महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. रॉकेलच्या दुकानासमोर पहाटे डबे मांडून, माणसाच्या जागी वीट ठेवून नंबर लावला जायचा. त्या विटेवरून झालेली भांडणं आईने पाहिलेली होती.

व्हीसीआर आमच्यापर्यंत आला तो एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या लाटेवर. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, परदेशी संच देशात येऊ लागले. मुंबईत ज्याला जमेल तो मुसाफिरखान्यात नाहीतर हाजीअलीच्या हिरापन्नात चौकशी करायचा, बाकीचे भाड्याने आणायचे. कॅसेटी बहुतेक चोरीच्या, नकलेची नक्कल. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा समावेश झाला. गल्लीतल्या लायब्ररीवाल्याने त्याची फारशी दखल घेतल्याचं मला आठवत नाही. चित्र हलायला लागलं की दादा 'ट्रॅकिंग'ची चकती फिरवायचा. तरीही पांढऱ्या रेघा गेल्या नाहीत तर टेप वाचणारं हेड खराब, मग स्पिरिटचा बोळा.

आता कळतं की आम्ही तेव्हा अर्ध्याहून थोडाच जास्त पिक्चर पाहिला. हे भाग रुंद पडद्यासाठी काढलेले होते, उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक रुंद. आमचा टीव्ही जवळपास चौकोनी. कॅसेटवर चित्र पूर्ण उंचीने बसवायचं म्हणजे दोन्ही बाजू कापायच्या, आणि त्यात चाळीस टक्क्यांच्या वर चित्र जायचं. त्यामुळे एखादी गाडी हवेतून अवतरल्यासारखी येऊन धडकायची आणि आम्हाला तीच दिग्दर्शकाची करामत वाटायची.

संवाद तर कोणालाच कळत नव्हते, पण काही अडलं नाही, कारण नायक मुळात बोलतच नाही. खुद्द अमेरिकेतही पहिला भाग १९८० मध्ये लावताना ऑस्ट्रेलियन उच्चार समजणार नाहीत म्हणून अमेरिकी आवाज डब केले होते, तिथे आमची काय कथा! हॉलिवूडला हिंदी डबिंगचा बाजार खऱ्या अर्थाने दिसला तो १९९४ मध्ये हिंदीत आलेल्या 'ज्युरासिक पार्क'नंतर. तोपर्यंत आम्ही स्वतःच डबिंग करायचो, गुंडांना लालबागच्या दादांची नावं देऊन.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि केबलवाला हा गल्लीतला मोठा माणूस झाला. रात्री अकरानंतर तो स्वतःच्या वाहिनीवर वाटेल ते लावायचा. हे पुढे थांबलं ते मुंबईतल्याच एका याचिकेमुळे. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रा. प्रतिभा नैथानी यांनी केबलवर दिसणाऱ्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की केबलवर फक्त 'यू' आणि 'यू/ए' प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवायचे. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांनी केबलचालकांचे वाहिन्या पकडणारे डिकोडर उचलले आणि शहरातल्या इंग्रजी चित्रपटांच्या वाहिन्या काही दिवस काळ्या पडल्या. त्यानंतर वाहिन्या टीव्हीपुरती वेगळी, कापलेली प्रत सेन्सॉरकडून 'यू/ए' करून घेऊ लागल्या. याचिका मुख्यतः अश्लीलतेबद्दल होती, पण कात्री हाणामारीवरही चालली. कुऱ्हाड उगारलेली दिसायची, पुढच्या क्षणी माणूस आडवा. शिवी आली की आवाज गप्प आणि खाली सबटायटलमध्ये चांदण्या. लहान मुलं असलेल्या घराला याने दिलासा मिळाला हे मला मान्य आहे, पण मारधाडपटातून मार काढून टाकल्यावर उरते ती निव्वळ धाड, आणि ती बघवत नाही. आमच्या केबलवाल्याने तर त्याच महिन्यात दर वाढवले.

कात्रीतून वाचायचा मार्ग म्हणजे डिस्क. फोर्टच्या फुटपाथवर चोरीच्या मिळायच्याच. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने अस्सल व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा चोरीचा माल घ्यायला कारणच उरलं नाही. ओटीटीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांपासून वयाचा शिक्का मात्र कोपऱ्यात येतो.

मिलरने २०१५ च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये पुन्हा तेच जग उभं केलं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या माळावर इतका पाऊस झाला की वाळवंटात फुलं उगवली, म्हणून मुख्य चित्रण नामिबियात हलवावं लागलं. मार्गारेट सिक्सेलने सुमारे ४८० तासांच्या फुटेजमधून तो जुळवला आणि संकलनासह सहा ऑस्कर त्याला मिळाले. घरी बघणाऱ्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच. बहुतेक शॉटमध्ये मुख्य घटना चौकटीच्या मध्यावर ठेवली आहे, म्हणजे वेगाने कट झाले तरी नजर भिरभिरत नाही. जुन्या चौकोनी टीव्हीवरही यातलं फारसं काही निसटलं नसतं.

गेल्या महिन्यात तो घरी लावला. खालच्या मजल्यावर परीक्षेचं पोर आहे म्हणून आवाज बेताचा. आई आता ऐंशीच्या पुढे, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. सुरुवातीला तो मुखवटेवाला सरदार उंच कड्यावरून पाण्याचे झोत सोडतो, खाली माणसं तसराळी, डबे घेऊन एकमेकांना तुडवतात आणि अर्ध्या मिनिटात तो पाणी बंद करतो. आईने चष्मा सारखा केला.

"सकाळचं येतं का रे यांच्याकडे, की संध्याकाळचं?"