सेन्सेई

सेन्सेई ही जपानी भाषेतील आदरार्थी उपाधी आहे. शिक्षक, डॉक्टर, वकील, लेखक, मांगा (जपानी चित्रकथा) रेखाटणारे चित्रकार आणि लोकप्रतिनिधी यांना ती लावतात. 'आधी' आणि 'जन्म' या अर्थांच्या दोन चिनी अक्षरांनी ती लिहिली जाते. ती आडनावानंतर येते (तानाका-सेन्सेई) किंवा नुसतीच हाक म्हणून वापरतात. ती लागली की 'सान' (नावापुढे लावायचा नेहमीचा आदरप्रत्यय) लावत नाहीत.

ही उपाधी दुसऱ्याने द्यायची असते, हे तिचे खरे मर्म. स्वतःचा पेशा सांगताना शिक्षक 'क्योशी' म्हणतो. स्वतःलाच सेन्सेई म्हणवून घेणे उद्धटपणाचे ठरते. बालवाडीत आणि प्राथमिक शाळेत मात्र मुलांशी बोलताना बाई स्वतःचा उल्लेख सेन्सेई असाच करतात. राजकारणात हा मान पदाबरोबर आपोआप मिळू लागला. ओसाका प्रांताच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये सदस्यांना सेन्सेई म्हणणे टाळण्याचा निर्णय घेतला, तो उचितच होता.

चिनी भाषेत हीच अक्षरे 'श्यान्शेंग' अशी वाचतात आणि आज त्यांचा अर्थ बहुधा 'श्रीयुत' एवढाच उरला आहे. शिक्षकाला 'लाओशी' आणि कारागिराला किंवा वाहनचालकाला 'शिफू' म्हणतात. १९४९ नंतर 'थोंगजी' (कॉम्रेड) या संबोधनाने श्यान्शेंगला मागे सारले. आर्थिक सुधारणांच्या काळात ते परतले. विद्वत्तेचा जुना मान मात्र त्यात टिकून आहे. म्हणूनच लेखिका यांग च्यांग (१९११–२०१६) यांनाही आदराने श्यान्शेंग म्हणत. चिनी लेखक लू शुन १९०४ मध्ये वैद्यक शिकायला जपानमधील सेंदाईला गेले. तेथे फुजिनो गेंकुरो हे प्राध्यापक त्यांच्या वहीतील टिपणे लाल शाईने तपासून देत. १९२६ मध्ये फुजिनोंविषयी लिहिताना लू शुन यांनी त्यांना श्यान्शेंग म्हटले. तेथे या संबोधनात गुरूचा पूर्ण मान आहे. नुसते 'श्रीयुत' म्हणून ते वाचले, तर शिष्याची कृतज्ञता हरवते.

कोरियन भाषेत हीच अक्षरे 'सनसेंग' अशी वाचतात आणि त्याला 'निम' हा आदरप्रत्यय जोडून 'सनसेंगनिम' म्हणतात. प्राध्यापकाला 'ग्योसुनिम' आणि तायक्वोंदोच्या गुरूला 'साबमनिम' अशी वेगळी संबोधने आहेत.

महाराष्ट्रात सेन्सेई हे संबोधन कराटेच्या वर्गांतून आणि पुण्यातील जपानी भाषेच्या वर्गांतून ओळखीचे झाले. आपल्याकडे पुष्कळ जण त्याचा अर्थ 'कराटे-प्रशिक्षक' एवढाच घेतात. जपानमध्ये सुलेखन, पुष्परचना किंवा पियानो शिकवणारेही तितकेच सेन्सेई असतात.